शहराबाहेरच्या धुरक्याचा हिशेब कोण ठेवणार?

प्रति,
हवेची गुणवत्ता आणि नगरनियोजन यांची जबाबदारी असलेली सर्व शहरी प्राधिकरणे

विषय : शहराच्या हवेसोबत बाहेर जाणारे धुरके आणि ओलावा यांचे मोजमाप

सन्माननीय पदाधिकारी व अधिकारी,

आपल्या यंत्रणा शहरातील सूक्ष्मकणांचे प्रमाण तासातासाला जाहीर करतात, त्यावरून वाहतुकीचे आणि बांधकामांचे निर्णय होतात, आणि काही दशकांपूर्वी कोणाला काहीच कळत नव्हते त्या स्थितीपेक्षा हे निश्चितच बरे आहे. तरीही शहर आपल्या भोवतालच्या हवेवर जो परिणाम करते त्याचा फार मोठा भाग या आकड्यांत उतरत नाही, कारण मोजणी शहराच्या हद्दीपाशी थांबते आणि मोजण्याआधी हवेतला ओलावा काढून टाकला जातो. शहराची हवा ज्या गावांवरून पुढे वाहत जाते, तेथे पहाटे दिसणारे धुरके नेमके या दोन गाळलेल्या गोष्टींतून बनते. म्हणून शहराबाहेर, वाऱ्याच्या वाटेवर, कणांसोबत ओलावा आणि दृश्यमानता एकाच जागी मोजली जावी, आणि आपल्या परवानग्या व उपाययोजना त्या नोंदींना बांधलेल्या असाव्यात, अशी माझी मागणी आहे. ती का, हे थोडे विस्ताराने मांडावे लागेल.

आधी यंत्राचेच पाहू. छपरावरच्या टोपीतून हवा आत ओढली जाते, मोठे कण वाटेतच वेगळे काढले जातात आणि उरलेली हवा एका तापवलेल्या नळीतून काचतंतूंच्या फितीवर सोडली जाते. फितीवर नाण्याएवढा करडा ठिपका उमटतो, आणि त्या ठिपक्याने किती बीटा किरण (किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे) अडवले यावरून कणांचे वस्तुमान काढले जाते. नळी तापवण्यामागचे कारण रास्त आहे : कणांना चिकटलेले पाणी वजनात धरले तर दमट दिवसाची आणि कोरड्या दिवसाची तुलनाच करता येणार नाही. गाळणकागद वजन करून मोजण्याच्या पद्धतीतही हाच विचार आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार तो कागद वजनापूर्वी ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेत (म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या तेवढे टक्के बाष्प असताना) ठेवावा लागतो आणि युरोपीय मानकानुसार ४५ ते ५० टक्क्यांत. म्हणजे जाहीर होणारा पीएम २.५ चा, अर्थात अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्मकणांचा, आकडा हा मुळात कोरड्या, निदान कोरडवलेल्या, कणांचा आकडा असतो. माणूस मात्र कोरडवलेल्या हवेत राहत नाही. डोळ्यांना जे दिसते, वाहनचालकाची नजर जे अडवते, सूर्यप्रकाश जे विखुरते, ते सारे ओल्या कणांचे काम असते. अलीकडे लोक स्वस्त प्रकाशीय संवेदक लावू लागले आहेत आणि हवा न कोरडवता मोजत असल्यामुळे दमट रात्री ते अधिकृत केंद्रापेक्षा बरेच जास्त आकडे दाखवतात. आपले अधिकारी त्यांना सदोष ठरवून मोकळे होतात. वस्तुमान मोजायचे असेल तर ते बरोबरच आहे, पण त्या संवेदकांनी पाहिलेला प्रकाश खरोखरच विखुरलेला असतो, हेही कोणीतरी म्हणायला हवे.

कण ओला होतो म्हणजे काय होते, हे या विषयाचे मर्म आहे. शहरातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत सल्फेट आणि नायट्रेट तयार होतात, आणि अमोनियाशी जुळून त्यांचे क्षार बनतात. बरणीतले मीठ दमट हवेत पाझरते तसे हे क्षारही ठराविक आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतात. खोलीच्या तापमानाला समुद्री मिठाचा मुख्य घटक असलेले सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांच्या आसपास आणि अमोनियम नायट्रेट साधारण ६२ टक्क्यांना द्रवरूप होते. पुढे आर्द्रता जसजशी वाढेल तसतसा थेंब फुगत जातो. अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास ९० टक्के आर्द्रतेला कोरड्या अवस्थेच्या सुमारे १.७ पट होतो, म्हणजे आकारमान जवळजवळ पाचपट, आणि त्यातला चार पंचमांश भाग निव्वळ पाणी. हवा पुन्हा कोरडी होऊ लागली तरी हा थेंब ८० टक्क्यांना लगेच स्फटिकरूप होत नाही. थेट ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत तो पाणी धरून ठेवतो. प्रत्यक्षातले कण प्रयोगशाळेतल्या क्षारांइतके शिस्तीचे नसतात. त्यांत काजळी असते, सेंद्रिय पदार्थ असतात, आणि ते ठराविक आकड्याची वाट न पाहता हळूहळू ओलावतात. ताजी काजळी पाण्याला जवळ करत नाही. हवेत काही तास काढल्यावर तिच्यावर क्षारांचा आणि सेंद्रिय पदार्थांचा लेप चढतो आणि तीही पाणी धरू लागते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्या काही तासांत वारा तिला शहराबाहेर घेऊन गेलेला असतो.

आता शहर काय करते ते पाहा. शहर रात्री उबदार असते, ही ओळख जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज हवामान-निरीक्षक लूक हॉवर्ड यांनी लंडनच्या आणि आसपासच्या नोंदी जुळवून रात्रीचा हा फरक दोन अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचे दाखवले होते. हा फरक फक्त उकाड्यापुरता नसतो. समजा शहराबाहेर मोकळ्या रानात तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे. तेवढेच बाष्प असलेली हवा शहरात २३ अंशांवर असेल, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर येते. बाष्प तेच आणि कणही तेच, तरीही एका बाजूला कण पाण्याने टरारलेले आणि दुसऱ्या बाजूला बरेच आटलेले. म्हणून शहरातली हवा रात्री दिसायला साफ आणि बाहेरची धुरकट, असे चित्र अनेकदा दिसते, आणि त्यावरून कोणी शहराला निर्दोष ठरवले तर तो निष्कर्ष सरळसरळ उलटा असतो. दिल्लीवरील उपग्रहचित्रांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंगेच्या मैदानावर पसरलेल्या हिवाळी धुक्याच्या चादरीला नेमके शहरावर भोक पडलेले दिसले होते. त्या भोकाखालची हवा स्वच्छ होती असे कोणीही म्हणणार नाही; ती फक्त उबदार होती.

शहर हवा कोरडी करते की ओली, याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. काँक्रीट आणि डांबराखाली माती झाकली गेली की दिवसा होणारे बाष्पीभवन घटते, त्यामुळे दुपारी शहराच्या हवेत बाष्प भोवतालच्या शेतांपेक्षा कमी असते. रात्री चित्र पालटते : बाहेर जमीन झपाट्याने थंड होऊन दव पडते आणि हवेतले बाष्प त्यात खर्ची पडते, तर शहरात दव फारसे पडत नसल्यामुळे ते हवेतच राहते. कोरड्या प्रदेशातले शहर बागांना पाणी घालून दिवसासुद्धा भोवतालापेक्षा ओले असू शकते. शिवाय जाळलेल्या इंधनातूनही पाणी निघते. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते, एक किलो पेट्रोलमागे साधारण १.४ किलो. उबदार हवेत हा वाटा किरकोळ ठरतो, कारण २० अंशांवरची हवा घनमीटरला १७ ग्रॅमपर्यंत बाष्प सामावून घेते. पण शून्याखाली २० अंशांवर ही क्षमता जेमतेम १ ग्रॅमवर येते, आणि तेथे वाहनांच्या व वीजकेंद्रांच्या बाष्पातूनच धुके तयार होऊ लागते. अलास्कातील फेअरबँक्स येथे कडक थंडीत पडणारे हिमकणांचे धुके याचेच प्रसिद्ध उदाहरण आहे.

वारा पडलेला असतो तेव्हा ही उबदार, कणांनी भरलेली हवा शहरावर घुमटासारखी साठते, आणि मंद वारा सुटताच ती एका बाजूला लांबट लोटासारखी सरकते. अमेरिकेतील सेंट लुइस शहराच्या अशा लोटाचा १९७० च्या दशकात विमानांनी माग काढला, तेव्हा तो शंभर किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत ओळखता आला. याच शहराभोवती १९७१ ते १९७५ या काळात मेट्रोमेक्स या नावाने मोठी मोहीम चालली आणि उन्हाळी पाऊस शहरावरून वारा पुढे जातो त्या अंगाला वाढत असल्याचे तिच्यातून दिसले. शहराचा प्रभाव हद्दीवरच्या फलकापाशी संपत नाही, हे सिद्ध होऊन पन्नास वर्षे होत आली, तरी आपले नकाशे अजून तेथेच संपतात.

लोट पुढे सरकत असताना त्यातले कण विरळ होतात हे खरे, पण त्याच वेळी नवे कणही तयार होत असतात. नायट्रोजनचे ऑक्साइड शहर पुरवते, अमोनिया शेतातल्या खतांतून आणि गुरांच्या गोठ्यांतून येतो, आणि दोघांची गाठ बहुधा शहराबाहेर पडते. अमोनियम नायट्रेट उबदार, कोरड्या हवेत टिकत नाही; त्याचे पुन्हा वायूंत विघटन होते. थंड आणि दमट रात्र त्याला मानवते. रात्री जमिनीलगतच्या थंड थरावर तरंगत राहिलेल्या हवेत ओल्या कणांच्या पृष्ठभागावर नायट्रेट वाढत जाते आणि सकाळी ऊन चढून थर मिसळू लागले की ते खाली उतरते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गावकरी चूल पेटवतात म्हणून आकडा वाढला, असे टिपण लिहून फाइल बंद करणाऱ्यांनी त्यातले किती वरून उतरले याचाही शोध घ्यावा. दोष एकट्या शहराचा नाही, शेतीचाही वाटा आहे. पण दोन घटकांपैकी एक कमी केला तरी क्षार कमी बनतो, आणि शहराच्या हातात असलेला घटक कोणता हे उघड आहे.

थराच्या उंचीचा मुद्दाही यातच येतो. भर दुपारी जमिनीलगतची हवा एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, तर शांत रात्री हा थर दोनशे मीटरपर्यंत, कधी त्याहूनही खाली दबतो. उत्सर्जन तेवढेच राहिले तरी नुसत्या या फरकाने दाटी पाच ते आठ पटींनी वाढते. धुरके दाट झाले की ते दिवसाचे ऊन अडवते, जमीन कमी तापते, थर पुरेसा उंच चढत नाही, बाष्पही त्याच उथळ थरात कोंडले जाते, सापेक्ष आर्द्रता वाढते आणि कण आणखी फुगतात. असे चक्र सुरू झाले की ते वारा किंवा पाऊस येईपर्यंत तुटत नाही. म्हणून धुरके डोळ्यांना दिसू लागल्यावर वाहतूक बंद करण्यापेक्षा, अंदाजात शांत हवा आणि वाढता दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतले बाष्प दव होऊन साचू लागते ते तापमान) दिसताच दोन दिवस आधी उत्सर्जन कमी करणे अधिक परिणामकारक ठरावे, असे माझे मत आहे.

धुके तर निसर्गाचे असते, त्याला आम्ही काय करणार, असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारासच दाखवून दिले होते की हवेत कण नसतील तर बाष्पाला साचायला जागाच मिळत नाही. कण जास्त असतील तर तेवढेच पाणी अधिक आणि बारीक थेंबांत वाटले जाते; असे धुके अधिक दाट दिसते आणि त्याचे थेंब लवकर खाली बसत नाहीत. याची उलट बाजू युरोपने अनुभवली आहे. तेथे सुमारे तीस वर्षांच्या काळात धुके आणि धुरक्याच्या दिवसांची संख्या जवळपास निम्म्यावर आली, आणि या घटीची सांगड सल्फर डायऑक्साइडच्या कमी झालेल्या उत्सर्जनाशी घातली गेली. निसर्ग बदलला नव्हता, इंधन बदलले होते.

आता आपल्या आवडत्या उपायाविषयी स्पष्ट बोलतो. रस्त्यांवर पाण्याचे तुषार उडवणाऱ्या तोफा छायाचित्रात छान दिसतात. रस्त्याच्या धुळीचे जाडे कण त्यांनी काही काळ बसतात, हे मान्य आहे. पण धुरके घडवणारे कण ०.१ ते १ मायक्रॉन आकाराचे असतात, आणि पडत्या थेंबांना पकडायला सर्वांत अवघड आकार नेमका हाच आहे. याहून मोठे कण स्वतःच्या वजनामुळे थेंबावर आदळतात, याहून लहान कण हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत थेंबाला जाऊन भिडतात, आणि मधले कण थेंबाला वळसा घालून जाणाऱ्या हवेबरोबर निसटतात. शिवाय क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार हवेतच सुकले की त्यातले क्षार नवे सूक्ष्मकण बनून मागे राहतात. थंड, निवांत रात्री उथळ थरात आणखी बाष्प सोडून आपण कणांना फुगायला मदत करतो आहोत का, हे तपासल्याशिवाय या तोफांवर खर्च करणे मला बेजबाबदार वाटते. उन्हाळ्यात झाडांना पाणी घालून शहर गार ठेवणे ही वेगळी बाब आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

काय करावे, याबद्दल माझे म्हणणे अवघड नाही. शांत हवेच्या ऋतूत वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला, शहराच्या कडेपासून थोड्या आणि बऱ्याच अशा निदान दोन अंतरांवर, केंद्रे उभारावीत, आणि तुलनेसाठी वारा जिकडून येतो त्या बाजूलाही एक केंद्र असावे. प्रत्येक केंद्रावर कोरड्या कणांच्या वस्तुमानाबरोबर तापमान, दवबिंदू आणि प्रकाशाचे विखुरणे यांची नोंद त्याच तासाला व्हावी, आणि ते सारे एकाच तक्त्यात जाहीर व्हावे. कोरडा आकडा आणि ओले विखुरणे यांतली तफावत शेजारी शेजारी दिसली, की धुरके कणांमुळे वाढले की ओलाव्यामुळे, हा वाद बराचसा मिटेल. यंत्र घेणे जमत नसेल तेथे जुनी पद्धतही वाईट नाही. ठाऊक अंतरावरचा मनोरा, टेकडीचा माथा, चिमणी अशा खुणा ठरवून घ्यायच्या, रोज ठराविक वेळी त्यांतली सर्वांत दूरची कोणती ओळखू येते ते लिहायचे, आणि आर्द्रता कळावी म्हणून शेजारी ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकांची नोंद करायची. हवामान वेधशाळांनी अशा वह्या पिढ्यानपिढ्या भरल्या आहेत, आणि एक किलोमीटरवरची खूण ओळखू आली नाही तर त्याला धुके म्हणायचे, ही आंतरराष्ट्रीय व्याख्याही अशाच निरीक्षणांसाठी आहे.

उपग्रहांवरून मिळणारे आकडे या कामाला पुरणार नाहीत, असा इशाराही येथेच देतो. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण स्तंभातले विखुरणे पाहतो. त्यात फुगलेल्या कणांचे पाणी आलेच, आणि ढगाखाली किंवा दाट धुक्याखाली, म्हणजे नेमक्या हव्या त्या सकाळी, त्याला काही दिसत नाही.

नोंदी हाती आल्या की परवानग्यांचे निकष बदलावे लागतील. नवा उद्योग, वीजकेंद्र किंवा मालवाहू वाहनांचा तळ शहराच्या कडेला हलवला की शहरातला आकडा सुधारतो, आणि ती योजना यशस्वी ठरते. पण तो तळ आता थंड, दमट रानाच्या आणखी जवळ गेलेला असतो, आणि त्याचा धूर ओलावायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो. अशा प्रत्येक स्थलांतराच्या प्रस्तावात पुढच्या गावांतील रात्रीच्या आर्द्रतेचा आणि अपेक्षित दृश्यमानतेचा अंदाज मागितला जावा, आणि त्या गावांच्या प्रतिनिधींना सुनावणीत बसण्याचा अधिकार असावा. हद्द वेगळी, कायदा वेगळा, असे सांगितले जाईल याची मला कल्पना आहे. हवेच्या खोऱ्याचा, म्हणजे एकच हवा वाहत असलेल्या सलग प्रदेशाचा, विचार करून शेजारच्या यंत्रणांनी एकत्र नियोजन करणे ही कल्पना नवी नाही, आणि त्यासाठी लागणारा पहिला दस्तऐवज म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेली नोंदवही.

या पत्राला सविस्तर उत्तर मिळावे असा आग्रह नाही. आपले सर्वांत बाहेरचे केंद्र कोठे आहे, शांत हवेच्या ऋतूत ते वाऱ्याच्या वाटेवर येते काय, आणि तेथे दवबिंदूची नोंद ठेवली जाते काय, एवढे तीन तपशील आपण जाहीर केले तरी पुढच्या चर्चेला सुरुवात करता येईल.

कळावे.

आपला,
हवेच्या नोंदींचा एक अभ्यासक